गिरगावात ठेवलेलं प्रस्थान

मला राग लवकर येतो. बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला रागावून चालत नाही, म्हणून मी तो दिवसभर साठवते आणि घरी आल्यावर मोठ्या माणसांवर काढते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची मेल आली तेव्हाही मला आधी आनंद झाला नाही, रागच आला. आईने देवापुढे साखर ठेवली होती आणि मी मोबाईल हातात धरून एका तारखेशी भांडत होते.

हा व्हिसा वय, शिक्षण आणि कामाचा अनुभव यांचे गुण मोजून देतात, कायम राहायचा. तो मिळाला की त्या देशात पहिलं पाऊल कधीपर्यंत टाकायचं, याची शेवटची तारीख त्यात लिहिलेली असते. मी समजत होते, ती व्हिसा मिळाल्या दिवसापासून मोजत असतील. तसं नसतं. ती मोजतात वैद्यकीय तपासणी झाल्यापासून एक वर्ष, आणि माझी तपासणी होऊन बरेच महिने लोटले होते. आता हातात उरले होते जेमतेम काही आठवडे. तारीख ओलांडली की व्हिसा बाद, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर वय वाढल्यामुळे गुण कमी झालेले.

ते महिने कुठे गेले, तर माझ्या छातीत गेले. दादरच्या पुढे एका क्लिनिकात एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग दिसला. जुना, बरा झालेला डाग, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, पण म्हणणं पुरत नाही. सलग तीन सकाळी उपाशीपोटी जाऊन थुंकी द्यायची, मग ती प्रयोगशाळेत ठेवून तिच्यात काही वाढतंय का याची दोनेक महिने वाट बघायची. काही वाढलं नाही. मग फाईल तिकडे गेली आणि तिकडे कुणाच्या तरी टेबलावर निवांत पडून राहिली. हा सगळा निवांतपणा माझ्याच वर्षातून वजा होत होता.

शिवाय एक अट होती. पोचल्यावर तिथल्या आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा छाती तपासून घ्यायची. मला तिथल्या एका बालवाडीने नोकरी कबूल केली होती, पण त्यांनीही स्पष्ट कळवलं होतं की आरोग्य केंद्राचं पत्र आल्याशिवाय मुलांमध्ये जाता येणार नाही. यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या लालबागच्या बालवाडीत मीच साध्या सर्दीच्या पोरांना दारातून परत पाठवत होते.

म्हणजे व्हिसा आला होता, पण सगळं अजून त्या डागावर लटकलेलं होतं. आणि डागाचं नाव निघाल्यापासून बाबांनी बोलणं टाकलं होतं.

बाबा मुळात कमी बोलणारे. तरुणपणी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. गिरणी बंद पडली ती पडलीच, मग इकडच्या तिकडच्या कारखान्यांत कामं करून त्यांनी घर चालवलं. त्यांचं घरातलं सगळं वेगळं. पेला वेगळा, त्याच्या बुडाशी खिळ्याने खूण केलेली. ताट वेगळं. झोपायचे बाहेर गॅलरीत, थंडी असो की डास असोत. मला त्यांनी मांडीवर घेतलेलं मला आठवत नाही. शाळेच्या बक्षीस समारंभातही ते हातभर लांब उभं राहून मान हलवायचे. मी समजत होते की हा त्यांचा तोरा आहे. चाळीत असे तोऱ्यातले बाप पुष्कळ होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या एक्स-रेचा निकाल कळला त्या संध्याकाळी बाबा चपला घालून खाली गेले, आणि ते गेल्याची खात्री करून आईने मला खरं काय ते सांगितलं. गिरणी बंद पडल्यावर बाबांना मस्कतला नोकरी मिळाली होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, फक्त तिचा शेवट वेगळा होता. मला सांगितलं जायचं, एजंट पळाला. एजंट कुठेही पळाला नव्हता. जाण्याआधीच्या तपासणीत बाबांच्या छातीवर डाग निघाला आणि कागदावर शिक्का बसला, अपात्र. खोकला नाही, ताप नाही, गडी धडधाकट, पण शिक्का बसला. पुढे मी झाले, आणि चौथ्या वर्षी मला छातीत गाठी झाल्या, बारीक ताप यायला लागला. परळच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं दिली, काही महिन्यांत मी बरी झाले. मला त्यातल्या कडू गोळ्या आणि त्यावर मिळणारा गूळ एवढंच आठवतं.

"तेव्हापासून यांचा पेला वेगळा," आई म्हणाली. "यांच्या डोक्यात बसलंय, पोरीला मीच दिलं."

रागावायला कुणी समोर नव्हतं. थोड्या वेळाने बाबा भाजी घेऊन वर आले, पिशवी आईकडे दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाग माझो हा, तुझो न्हय." ते घरात मालवणी बोलत ते आईशी आणि आत्याशी. माझ्याशी बोलताना मुंबईची शाळेची मराठी वापरायचे. त्या दिवशी त्यांना ते भान राहिलं नसावं.

एवढं होऊन व्हिसा आला, त्यामुळे निदान आता तरी त्यांनी तोंड उघडावं अशी माझी इच्छा होती. उघडलं, पण ते भलत्याच कारणासाठी. तारीख बघून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "हा तर पितृपक्ष."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नोकरीचं बोलणं, तिकीट, भाड्याची खोली असं सगळं जुळवून एकच आठवडा मोकळा सापडला होता, आणि तो पितृपक्षात होता. त्याआधी जमत नव्हतं, त्यानंतर व्हिसा नव्हता. मी म्हटलं, कळवू का ऑस्ट्रेलिया सरकारला, आमचा पंधरवडा उरकेपर्यंत जरा दम धरा म्हणून. आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी परळच्या गुरुजींना फोन लावला, बराच वेळ हं हं केलं, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा जरा मोकळा झालेला दिसला. गुरुजींनी प्रस्थान ठेवायला सांगितलं होतं.

हल्लीच्या मुलांना हा प्रकार ठाऊक नसतो, म्हणून सांगते. निघायचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, शक्यतो ज्या दिशेला जायचं त्या दिशेला. पिशवीत बरोबर न्यायची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी. पिशवी घराबाहेर पडली की माणूसही त्या दिवशी निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ती पिशवी उचलायची आणि तिथूनच पुढे जायचं. एकदा ठेवलेली पिशवी मात्र परत घरात आणायची नाही. आणि याला मुदत असते, ठेवून फार दिवस लावून चालत नाही.

"म्हणजे प्रस्थानालाही व्हॅलिडिटी असते," मी म्हटलं.

मग मला राहवेना, मी त्यांना सांगून टाकलं की व्हिसावाल्यांचंही काही वेगळं नसतं. कितीतरी जण शेवटची तारीख जवळ आली की आठ दिवसांसाठी तिकडे जातात, पासपोर्ट दाखवतात, समुद्रावर फोटो काढतात आणि परत येतात. खरे राहायला जातात पुढच्या वर्षी. तेही प्रस्थानच झालं. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी ते पुढचे दोन दिवस चाळीतल्या प्रत्येकाला ऐकवलं, तिकडच्या लोकांतही प्रस्थान आहे म्हणून.

गणपतीचे दिवस सरत आले होते. विसर्जनाचे रस्ते बंद व्हायच्या आत एक चांगला दिवस बघून बाबा आणि मी, बाबांनी भरलेली माझी पिशवी घेऊन, बसने गिरगावात आत्याकडे गेलो. ऑस्ट्रेलिया दक्षिणेला आणि गिरगावही लालबागच्या दक्षिणेला, त्यामुळे दिशेचा प्रश्न सुटलेला होता. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन गिरगावातल्या एका वाडीत पहिल्या मजल्यावर आली, ती अजून तिथेच आहे. तिला मुलं नाहीत, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचा आवाज असा की तिने खिडकीतून नारळवाल्याला हाक मारली तर वाडीतले तिघे जण ओ देतात.

आत्याने पिशवी हातात घेतली, तिला नमस्कार केला आणि कपाटाशेजारच्या खुंटीकडे वळली. तिथे आधीच एक पिशवी होती. जाड कोऱ्या कापडाची, आता पिवळट पडलेली, बंदांना आईच्या हातची दुहेरी शिवण. आईची शिवण मला कुठेही ओळखू येते. मी विचारलं, ही कुणाची?

बाबा उठून खिडकीशी गेले आणि वाडीत काहीतरी फार बघण्यासारखं असल्यासारखे बघत राहिले. आत्याने त्यांच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं. ती बाबांची पिशवी होती. मस्कतला जाताना असाच दिवस जुळत नव्हता, म्हणून त्यांनी इथेच प्रस्थान ठेवलं होतं. नंतर तपासणीचा निकाल लागला. निकाल घेऊन बाबा घरी गेले नाहीत, थेट इथे आले. आपल्या छातीच्या एक्स-रेचं पाकीट त्यांनी त्या पिशवीत सरकवलं, पिशवी पुन्हा खुंटीला लावली आणि चहा न घेता निघून गेले. परत घरात न्यायची नाही असा नेम, आणि पुढे जायची सोय उरली नाही. तेव्हापासून ती तिथे होती. आत्याने घराला चार वेळा रंग काढला असेल, दर वेळी पिशवी उतरवून पुन्हा तिथेच लावली.

मला आधी हसायला आलं. माझे बाबा चाळीसेक वर्षं प्रस्थानात होते. घरातून निघालेले आणि कुठेच न पोचलेले. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले तर ते नेहमीसारखे जरा सरकून बसले, आणि या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

राग दोन दिवसांनी आला. सामान भरताना आईने जपून ठेवलेला माझा लहानपणचा एक्स-रे मला सापडेना. तोच तर मुख्य होता. चौथ्या वर्षीचा तो डाग आणि आताचा डाग एकच आहे, तेव्हापासून वाढलेला नाही, हे तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. घर उलथंपालथं केल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "तो पिशवीत घातला. गुरुजी म्हणाले, नक्की न्यायची वस्तूच घाला."

मी कपाळाला हात लावला. नक्की न्यायच्या वस्तूंत माझे बूटही होते, स्वेटर होता, आईने दिलेला पोहे तळायचा झारा होता. त्यांना नेमकं तेच सुचलं. मी म्हटलं, उद्या जाऊन घेऊन येते. बाबा दारात उभे राहिले. परत घरात आणायची नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात ते माझ्या वाटेत आडवे आलेले तेवढेच. मी हात टेकले.

त्यामुळे भर पितृपक्षात माझी टॅक्सी विमानतळाला जायला निघाली ती आधी उलट्या दिशेने, गिरगावाकडे. आईबाबा घरीच थांबले, कारण बाबांच्या मते मी घरून आधीच निघालेली होते आणि निघालेल्या माणसाला पुन्हा निरोप द्यायचा नसतो. हा नियम कुठून काढला देव जाणे. मला वाटतं, त्यांना रडायचं होतं आणि माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

आत्या पिशवी घेऊन जिन्यात उभीच होती. पिशवी हातात घेतली तर ती आधीपेक्षा जड लागली. आत दोन पाकिटं होती, माझं आणि बाबांचं.

"ह्या पण घेऊन जा," आत्या म्हणाली. "थंयच्या डॉक्टरांका दाखव आणि इचार, हेच्याकडसून तुका लागला काय नाय."

मी तिला समजावलं. माझ्याच डागाने माझी नोकरी अडकलेली, त्यात घरातला आणखी एक डाग आपण होऊन कशाला दाखवायचा? त्यांनी आणखी तपासण्या काढल्या तर? बालवाडीने नको म्हटलं तर? आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग दाखवू नको, पण ने तरी. त्याचं इथे लटकून पुष्कळ झालं. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी पिशवी खांद्याला लावली.

व्हिसाच्या शेवटच्या तारखेला तीन-चार दिवस शिल्लक असताना मी त्या देशात पाऊल टाकलं. पासपोर्ट तपासणाऱ्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार उघडलं. इतक्या महिन्यांनी जीव भांड्यात पडला. पण पुढे सामानाची तपासणी होती, आणि बाहेरचं बी-बियाणं आत जाऊ देण्याबाबत ते लोक फार कडक. मी आधीच सांगून टाकलं, पिशवीत तांदूळ आहेत आणि अख्खी सुपारी आहे. तिथल्या मुलीने हातमोजे घालून पिशवी उपडी केली. मूठभर तांदूळ, सुपारी, आणि जुन्या पाकिटाच्या घडीतून निघालेला थोडा भुगा, जो कधीकाळी बाबांचा तांदूळ असावा. हे कशासाठी, तिने विचारलं. नीट निघता यावं म्हणून, मी म्हटलं. तिने विचार केला आणि म्हणाली, मग आता तुम्ही पोचलात, त्याचं काम झालं. आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला तिचं म्हणणं गुरुजींपेक्षा पटलं.

आरोग्य केंद्रात माझी वेळ पुढच्या आठवड्यात होती. त्या आठवड्यात मी माझ्या खोलीतून त्या बालवाडीपर्यंत रोज चालत जायची आणि कुंपणाबाहेरून मुलं बघायची. वाळूत खेळणारी, एकमेकांच्या टोप्या ओढणारी, आपल्याकडच्यासारखीच नाक पुसायचं विसरणारी. मला आत जायचं होतं. लहान मूल भूक लागल्यावर जसं सरळ सांगतं, तितकं सरळ मला ते हवं होतं.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, केस पिकलेले, बोलणं हळू. आदल्या दिवशी काढलेला माझा नवा एक्स-रे त्यांच्या पडद्यावर होता, शेजारी मुंबईचा. जुनी फिल्म आहे का, त्यांनी विचारलं. मी माझं पाकीट दिलं. फिल्म लावायचा दिवा आता त्यांच्याकडे कुणी वापरत नाही, म्हणून त्या उठल्या आणि माझी चौथ्या वर्षीची छाती त्यांनी खिडकीच्या काचेला धरली. मागे मोटारी उभ्या होत्या आणि मधे माझ्या चिमुकल्या बरगड्या. त्यांनी फिल्मकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बरंच बघितलं. मग बसल्या आणि विचारलं, तेव्हा घरात आणखी कुणाला हा आजार होता का?

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. खोटंही ठरलं नसतं, कारण बाबा कधी आजारी पडलेच नाहीत. पण मी उत्तर देईना आणि त्या वाट बघत राहिल्या. मुलांशी बोलताना मीही अशीच गप्प बसून वाट बघते, आणि मूल मग खरं सांगतं. माझंही तसंच झालं. मी दुसरं पाकीट काढलं. म्हटलं, हे माझे वडील. यावरून त्यांना परदेशी जाऊ दिलं नाही. ते म्हणतात, हे मला त्यांनीच दिलं.

फिल्म चिकटली होती, ती त्यांनी फार सांभाळून सुटी केली. कोपऱ्यात बाबांचं नाव होतं. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावानंतर येतं तेच, त्यामुळे त्यांनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. मग फिल्म खिडकीला धरली. बाबांची छाती मी पहिल्यांदाच बघत होते. रुंद, सरळ, पंचविशीतल्या माणसाची. वरच्या कोपऱ्यात दोन-तीन पांढरे ठिपके, खडूने टेकवल्यासारखे.

त्यांनी प्रश्न विचारले. नंतर कधी खोकला झाला का, रक्त पडलं का, वजन उतरलं का, औषधं घ्यावी लागली का. मी सगळ्याला नाही म्हटलं. अजून चाळीचे जिने चढतात, अजून भाजीच्या पिशव्या तेच आणतात.

"एका फोटोवरून मी शपथ घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे ठिपके हा फोटो काढला तेव्हाच जुने होते. यांना हे लहानपणी कधीतरी होऊन गेलं आणि शरीराने आपलं आपण बंद केलं. अशा माणसाकडून तुम्हाला लागण झाली असेल, असं मला वाटत नाही. गर्दीच्या शहरात मुलांना ती कुठूनही होते."

मी विचारलं, आज ते माझ्यासारखे आले असते तर?

तुमच्यासारखीच तपासणी केली असती, त्या म्हणाल्या, आणि ठीक निघाली तर येऊ दिलं असतं. मग त्यांनी माझ्या फाईलकडे मोर्चा वळवला. माझा डाग होता तिथेच होता, होता तेवढाच होता. एक रक्ततपासणी, वर्षाने पुन्हा एक फोटो, आणि बालवाडीसाठी पत्र आत्ताच. पत्र घेऊन मी बाहेर मोटारींच्या मधे उभी राहिले आणि मोठ्याने रडले. एक बाई थांबून ठीक आहात ना विचारू लागली, तिला मी हो हो म्हणत आणखी रडले.

मुंबईत सकाळ होती. फोन बाबांनीच उचलला. "तुझं काय झालं?" एवढंच विचारलं. पत्र मिळालं म्हटल्यावर त्यांनी आत आईला ओरडून सांगितलं. मग मी म्हटलं, बाबा, आणखी एक आहे. आणि बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य थांबून सांगितलं. तुमचा फोटो मी दाखवला. तो डाग तुमच्या लहानपणीचा आहे. तो तेव्हाच बरा झाला होता. मला तुमच्याकडून झालं नाही.

पलीकडून फक्त चाळीतले आवाज येत होते, नळाचा, कुणाच्या तरी रेडिओचा.

"परत सांग," बाबा म्हणाले.

मी परत सांगितलं. मग फोन आईच्या हातात गेला. मी विचारलं, बाबा कुठे आहेत. आई म्हणाली, गॅलरीत उभे आहेत, राहू दे त्यांना.

बालवाडीत मी दुसऱ्याच सोमवारी रुजू झाले. इथली मुलं माझ्या नावाची पार वाट लावतात आणि मी ती लावू देते. वर्षाने फोटो काढला, तो चांगला आला. त्यानंतर मी आईबाबांना इकडे बोलवायचा अर्ज भरायला घेतला. मुक्काम लांबचा, म्हणून त्यांनाही छातीचा एक्स-रे काढून द्यायचा होता. मला धास्ती होती की बाबा ऐन वेळी पाय मागे घेतील, कारण मस्कतनंतर त्यांनी कुठल्याही डॉक्टरला छातीचा फोटो काढू दिला नव्हता. आईने कळवलं, इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि तिथल्या मुलीला आपण होऊन सांगितलं की डाग आहे, जुना आहे, घाबरायचं कारण नाही. त्यांनाही सलग तीन सकाळी थुंकी द्यायला जावं लागलं. तिथे ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. प्रयोगशाळेत काही वाढलं नाही. व्हिसा आला.

विमानाची तिकिटं मिळाली ती नेमकी अमावास्येची. मला हसू आवरेना. मी फोनवर म्हटलं, गुरुजींना विचारा बाबा, आत्याकडे एखादी पिशवी नेऊन ठेवा, दिशा तीच आहे. बाबा माझ्याशी मुंबईची मराठी सोडून मालवणीत बोलले. हल्ली ते तसंच बोलतात.

"माझा प्रस्थान कधीचाच झालेला असा," ते म्हणाले. "निघूचा तेवढा रवला होता."

विमानतळावर मी पहाटेपासून उभी होते, हातात कागदी पेल्यातला चहा. आधी आई दिसली, ढकलगाडी वाकडी चालवत. मागून बाबा, खांद्याला ती पिवळट कापडाची पिशवी. आत्याने ती धुऊन दिली होती. आत तांदूळ नाहीत ना, मी आधी तेच विचारलं. त्यांनी मान हलवली. मग हातभर अंतरावर थांबायच्या जागी ते तसेच पुढे आले, लांबच्या प्रवासाने घसा सुकलाय म्हणाले, आणि माझ्या हातातला माझा उष्टा चहा घेऊन पिऊ लागले.